उखाण्यातली दोन नावं

नांदुरा,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय पुष्पाताई,

नमस्कार. संघपाल भाऊजींना माझा जय भीम सांग. आणि आधी हे वाच: घरी सगळे जिवंत आहेत, जेवतात, भांडतात. तेव्हा कागद हातात धरून रडारड सुरू करू नको.

वर्ध्याला पोस्टानं आलेलं पत्र पाहून तुला वाटेल, यानं पुन्हा मोबाइल हरवला. नाही हरवला. पण फोनवर मी 'घरी' एवढं म्हटलं की तू म्हणतेस, "भागवत, दुसरं काही असंल तं बोल, नाही तं ठेवते." कागदाला मधूनच ठेवता येत नाही, म्हणून हा उपाय.

मी बोअर मारायच्या गाडीवर कामाला होतो, खंडव्याकडं. येता-जाता बऱ्हाणपूरला मावा जिलेबी खायचो. ताई, काळीभोर असते, दिसायला अगदी जळाल्यासारखी, पण तोंडात टाकली की... ते राहू दे. सध्या मी चक्क घरी आहे. आई म्हणते, इतके दिवस एका जागी तू पाळण्यातही टिकला नव्हता.

तर झालं असं. संक्रांत झाल्यावर बाबा मोटरसायकलवर रोहिणखेडला आत्याकडं गेले होते. परत येताना रोही आडवी आली, चांगली घोड्याएवढी नीलगाय. गाडी, बाबा आणि रोही तिघंही पडले. रोही उठून शेतात पळाली. बाबा उठले नाहीत.

डोक्याला मार, बरगड्या मोडलेल्या. बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि सरळ आयसीयूत, श्वासाच्या मशीनवर. तुला तेव्हाच कळवणार होतो. फोन केलाही होता. तू ठेवलास. हा टोमणा नाही. बरं, थोडासा आहे.

जखमा भरत चालल्या, पण नंतर वेगळंच सुरू झालं. औषधाची गुंगी उतरली की बाबा डोळे फिरवायचे, नळ्या ओढायचे. ज्यांनी दावं धरलं की बिथरलेला बैल जागीच उभा राहायचा, त्यांचेच हात पट्ट्यांनी खाटेला बांधलेले. डॉक्टर म्हणाले, असे पुष्कळ पेशंट भ्रमात जातात. आपण कुठं आहोत ते कळत नाही, समोरची माणसं मारायला आली असं वाटतं. काही लवकर सावरतात, काहींचं घरी गेल्यावरही ठिकाणावर येत नाही.

आईनं विचारलं, "म्हंजे मले ओळखनार नाहीत?"

डॉक्टर म्हणाले, "आत्ता सांगता येत नाही मावशी."

आई बाहेर येऊन बाकावर बसली आणि पदराचं टोक नुसतं गुंडाळत राहिली. मी तिच्यासाठी चहा आणायला गेलो आणि दोन चहा स्वतःच पिऊन आलो.

तिथं मयुरी मॅडम भेटल्या. त्या तिथं संशोधनाचं काम करतात. बीबी गावच्या आहेत, लोणारकडच्या, त्यामुळे बोलणं जरा मराठवाड्याच्या अंगानं जातं. ऐकायला बरं वाटतं. म्हणजे मला त्याचं काही नाही, सांगितलं आपलं. त्यांचा प्रयोग असा, की भ्रमातल्या पेशंटच्या कानात घरच्या माणसाचा आवाज ऐकवायचा, सकाळ-दुपार-संध्याकाळ, आणि भ्रम लवकर उतरतो का ते बघायचं. पण सगळ्यांना नाही ऐकवायचा. अर्ध्यांना आवाज, अर्ध्यांना नुसते नेहमीचे उपचार, आणि कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार.

मी तापलो. म्हटलं, "मॅडम, दोन शेळ्यांतल्या एकीलेच पाला टाकाचा, हे कोनतं शास्त्र?"

त्या म्हणाल्या, "पाल्यानं दूध वाढतंय का पोट फुगतंय, हेच ठावं नाही भाऊ. काहीजण घरचा आवाज ऐकून जास्तच घाबरत असतील तर? म्हणून तर दोन्हीकडं बघायचं. तुमची इच्छा नसली तर नका करू, उपचारात काही कमी होणार नाही."

मी त्यांच्याकडूनच पेन मागून घेतला आणि सही केली. बाबांचा नंबर आवाजाच्या गटात लागला. समोरच्या खाटेवरच्या कलाबाई दुसऱ्या गटात गेल्या.

आता आवाज भरायचा. त्याला ठरलेला क्रम असतो. आधी पेशंटचं नाव, मग तुम्ही दवाखान्यात आहात, तोंडात नळी आहे म्हणून बोलता येत नाही, भिऊ नका, घरचं कोण कोण जवळ आहे. मॅडमनी मोबाइल आईपुढं धरला.

आई म्हणाली, "मी? त्यायचं नाव घिऊ? अवो माय!"

"काकू, नाव लागतंयच. आपलं नाव ऐकून माणूस भानावर येतं."

"इतके वर्सं 'आवो' म्हनलं तं आले ना ते!"

मी म्हटलं, "आई, तिथं सगळ्याच बाया 'आवो' म्हनतीन. त्यायले काय कळन कोनाची बायको?" आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी थेट दाराबाहेर.

पुढचं मी लिहिणार नव्हतो. मॅडमनी विचारलं, घरी अजून कोण आहे? आई म्हणाली, "हा एकच पोरगा." पटकन म्हणाली, आणि मग तिचं तिलाच लागलं. ताई, आपल्या घरात दोन नावं घेत नाहीत. बाबांचं आई घेत नाही, रिवाज म्हणून. तुझं कोणीच घेत नाही, बाबांच्या धाकानं. तू आपल्या मनानं संघपाल भाऊजींशी लग्न केलंस तेव्हापासून. मीही घेत नव्हतो, घराबाहेर पळत होतो फक्त.

"उखाण्यात घेतलं तं चालते का?" आईनं शेवटी विचारलं. मॅडम म्हणाल्या, चालतंय. पण आईला जुने उखाणे सगळे हळदीकुंकवाचे, सोन्याच्या ताटाचे. ते आयसीयूत कुठं चालणार? दुसऱ्या दिवशी ती मॅडमसमोर जाऊन ताठ उभी राहिली, पदर घेतला आणि एका दमात म्हणाली:

"तोंडामंदी नळी म्हनून बोलू नका काही,
दवाखान्यात आहा तुमी, भ्याचं कारन नाही;
भागवत हाये उशाशी, पुष्पांजलीची वाट पायते,
उत्तमरावांचं नाव घेते, मी इथंच रायते."

मॅडम बघतच राहिल्या. म्हणाल्या, "काकू, सगळंच आलं की यात." आणि मग हळूच मला, "पुष्पांजली कोण?" मी म्हटलं, "माही मोठी बहीन." किती दिवसांनी म्हटलं!

पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी पायथ्याशी होतो. पहिल्या दोन ओळींना काही नाही. तुझं नाव आलं आणि बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा हलायला लागला. तुला माहीत आहे, राग आला की हलतो तो. मी दोन पावलं मागं सरलो, म्हटलं आता नळ्यांसकट उठतात. मॅडमनी 'पाय हलवला' असं लिहून घेतलं. रागानं हलवला की कशानं, ते विचारायची सोय नव्हती. मी रोज त्या अंगठ्याकडं बघत बसायचो. रोज त्याच जागी हलायचा.

मग हात सोडले, मग नळी काढली. घसा पार बसलेला. आई वाकून म्हणाली, "आवो, मले ओळखलं का?"

बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "न ओळखाले काय झालं? सकाळ-संध्याकाळ एकच उखाना. दुसरा येत नाही का तुले?"

सगळा वॉर्ड हसला. आई लाजून दाराआड गेली. नर्सबाई घरी सोडेपर्यंत त्यांना 'उखाणेवाले काका' म्हणत होत्या. मी मयुरी मॅडमना म्हटलं, जिंकला तुमचा प्रयोग. त्यांनी समोर बोट दाखवलं. कलाबाई उठून बसल्या होत्या, सुनेला खिचडी अळणी म्हणून झापत होत्या, आणि त्यांना तर कोणाचाच आवाज ऐकवला नव्हता. "एका-दोघांवरून काही ठरत नाही भाऊ. पुष्कळ माणसं बघावी लागतात." निकाल लागला की कळवतील म्हणाल्या. माझा नंबर घेतलाय. प्रयोगासाठीच.

बाबा घरी आले. काठीनं ओसरीपर्यंत जातात. तुझं नाव अजून काढलं नाही, खोटं कशाला लिहू. पण काल संध्याकाळी गाडीची शिटी ऐकू आली, तसा अंगठा हलायला लागला. म्हणाले, "काबे, वर्ध्याहून येनारी गाडी थांबते का इथं?"

मी म्हटलं, "थांबते ना."

आई आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"रातची असली तं एकटीनं नको येऊ म्हनाव. जवायासंगं ये म्हनाव."

आईनं भाकरी करपू दिली, आणि बाबांनी ती तशीच खाल्ली.

तर ताई, पत्राचं कारण एवढंच होतं. जिलेबीत शिरलो नसतो तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं. गाडी कोणतीही धर, मी फलाटावर असेन.

वाट पाहणाऱ्या तिघांपैकी लिहायला बसवलेला,
भागवत