रुमलीबाईला काढू दिलं नाही

रविवार, दिवेलागण

जिंकले मी आज! आमच्या वॉटर पार्कात गर्दी आटली म्हणून माझा दिलीप रुमलीबाईला कामावरून काढायला निघाला होता. म्हटलं, गाणी बंद कर, एक घसरगुंडी बंद कर, पण पाण्यात उभी राहून हात धरणारी बाई नसली तर आपल्याकडच्या बायका उतरतील का रे? काठावरच बसतात. मीही बसायचे.

मागच्या रविवारी खापर गावच्या चौघी तिचा हात धरून भिजून गेल्या. आज त्यांनी दोन जीपा भरून बायका आणल्या! लुगडी खोचून सगळ्या पाण्यात. रुमलीबाई एकटी, हात धरणार तरी किती जणींचा?

दिलीप डोकं खाजवत आला. "माय, रुमलीबाईनी बहीण मोकळी शे का? इचार ना."

मी कधीच विचारून ठेवलंय. तिची बहीण उद्यापासून येते.