तुझ्या नावावर कुणीतरी फिरतंय

प्रिय विनू,

तुला जाऊन आठ महिने झाले आणि अजूनही दर सोमवारी तुला मेल येते, हे तुला कसं सांगू? "शाब्बास विनय! या आठवड्यात सगळ्या ऑर्डरी वेळेवर पोचवल्यास." तुझा इथला जुना फोन आई चार्ज करून ठेवते, त्यावर येते. आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून बरंय. मी वाचते आणि फोन उलटा करून ठेवते.

आज मात्र मेलबर्नहून अक्षयचा मेसेज आला आणि मला वर्गात उभं राहवेना. सहावीच्या पोरांना शुद्धलेखन देऊन स्टाफरूममध्ये येऊन बसलेय. बोलायचं तरी कुणाशी? म्हणून तुलाच लिहितेय.

"ताई, डिलिव्हरीचं ॲप चेहरा मागतंय. विनयचा समोरून काढलेला फोटो असेल तर पाठवा ना. मोबाईलसमोर धरला की चालतं म्हणतात. संध्याकाळपर्यंत पाठवा."

समोरून काढलेला तुझा एकच नीट फोटो आहे. पासपोर्टसाठी काढला होतास तो. तोच आम्ही तुझ्या अंत्यविधीच्या पत्रिकेवर छापला. तो आता मी मेलबर्नला पाठवायचा?

आठवतं, तू फोनवर म्हणायचास, "लायब्ररीत आहे गं." एकदा मी विचारलंच, "लायब्ररीत ट्रक हॉर्न वाजवतात का रे?" केवढा हसलास! "ताई, तू पोलिसात जायला हवं होतंस." मग खरं सांगितलंस. कॉलेजात शिकणाऱ्याला आठवड्याला ठरावीकच तास काम करता येतं. तेवढे तास तू तुझ्या नावावर सायकलवरून जेवणाचे डबे पोचवायचास, आणि ते संपले की दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर. नाव भाड्यानं मिळतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "सगळेच करतात. या सेमिस्टरपुरतं. आईला सांगू नको हं." मी नाही सांगितलं. का नाही सांगितलं? आईनं तुला दुसऱ्याच दिवशी परत बोलावलं असतं, आणि तू शिव्या देत का होईना, आज इथे असतास.

त्या वळणावर ट्रकनं तुला उडवलं तेव्हा तू दुसऱ्याच्याच नावावर होतास. खिशात पाकीट नव्हतं, फक्त फोन, आणि फोनवर भलत्याचंच नाव. पोलिसांचा पहिला निरोप आपल्याकडे आलाच नाही. दुसऱ्याच कुणाच्या घरी रडारड झाली. आम्हाला कळलं ते दीड दिवसानं. त्या दीड दिवसात मी तुझ्यावर चिडले होते विनू, फोन उचलत नाहीस म्हणून. वाट्टेल ते मेसेज टाकले होते. ते तू वाचले नाहीस, एवढंच एक समाधान.

अक्षय नसता तर तुझं काही हाती लागलं नसतं. तुझ्याच खोलीत राहणारा पोरगा, त्यानं हॉस्पिटल केलं, कागद केले, तुझे कपडे घड्या घालून बॅगेत भरले, वर बायबल ठेवलं. आईला फोनवर म्हणाला, "मी हाय ना, तुमी काळजी करू नका." म्हणून महिन्याभरानं त्यानं ॲपवरच्या तुझ्या खात्यात शिरायचा कोड मागितला तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही. त्याचे स्वतःचे तास संपत होते, फी भरायची होती, आणि तुझं खातं तर चालूच होतं. मेलवर आलेले सहा आकडे मी त्याला वाचून दाखवले. एकदाच, म्हणाला होता.

मग सोमवारच्या मेली सुरू झाल्या.

आता खरं सांगते. मला त्या आवडायच्या. रविवारी चर्चहून येताना आई कबरस्थानात जाते, पदरानं तुझ्या दगडावरची धूळ पुसते, कोरलेल्या नावावरून बोट फिरवते. आणि सोमवारी मला तुझं तेच नाव फोनवर दिसायचं. क्षणभर वाटायचं, हा कामावर आहे. दमला असेल, पण आहे! तुझ्या मृत्यूचा दाखला पाठवला असता तर एका दिवसात खातं बंद झालं असतं. तो माझ्या कपाटात पडून आहे.

पण गेले पाच-सहा आठवडे त्या मेलींची मला भीती वाटायला लागली. ऑर्डरी वाढत चालल्यात. पावसाचा जादा बोनस, सुट्टीच्या दिवसाचा जादा बोनस, एकही दिवस खाडा नाही. तुझ्या शेवटच्या दोन महिन्यांत असंच होतं. मी तुझ्या जुन्या मेली काढून पाहिल्या. अगदी असंच होतं रे.

मागच्या रविवारी न राहवून कोपरगावला गेले, अक्षयच्या घरी. ठरवून गेले होते, सगळं सांगून टाकायचं. त्याच्या आईनं दारातच हात धरला.

"या की ताई. तुमचा भाऊ गेला तवा आमचा अक्षय लई रडला हुता. आता बरं हाय त्याचं. लायब्ररीत काम लागलंय. पुस्तकं लावायची, सावलीतलं काम."

लायब्ररी! तुम्ही दोघं मिळून ठरवून बोलायचात की काय?

मग तिनं मोबाईल पुढे केला. "हे बघा, परवाच पाठिवलाय. दाढी ठिवलीय, केस बी मागं फिरवतोय. मला तर पैल्यांदा वळखूच यीना."

मी ओळखलं. तू उभा होतास. दाढीची कड तशीच, कानापाशी बारीक केलेली. भांग मोडून केस मागे. मान किंचित डावीकडे. आणि ती माउली विचारतेय, "साजरा दिसतोय ना?"

मी "हो" म्हणाले. चहा प्यायले. तिनं शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले, ते घेऊन परतीच्या शिर्डी बसमध्ये बसले. सांगायला गेले होते ते सांगितलंच नाही. माझी मलाच लाज वाटते.

त्याच दुपारी अक्षयला फोन केला. "दाढी कशाला ठेवलीस रे?"

"थंडी असती ना ताई इकडं."

"खरं बोल."

"ॲपला चेहरा जुळावा लागतो मधूनमधून. म्हणून. ह्या सेमिस्टरपुरतं फक्त. आईला नका सांगू ताई."

मी ओरडले त्याच्यावर. पलीकडून उत्तरच येईना. मी हॅलो, हॅलो करत राहिले. बऱ्याच वेळानं आवाज आला, "सॉरी ताई, उभ्या उभ्या डोळा लागला. सिग्नलला थांबलो होतो."

सिग्नलला, विनू! सायकलवर!

एवढं लिहीपर्यंत फोन वाजला. अक्षयचा मेसेज. मला वाटलं फोटोची आठवण करून देतोय.

"ताई, फोटो नको आता. माझाच चेहरा चालला."

लगेच आईला फोन केला. म्हटलं, विनूच्या फोनवर काही आलंय का बघ, फोटो काढून पाठव. तिनं पाठवला. "पुन्हा स्वागत आहे, विनय. तुझी ओळख पटली आहे."

म्हणजे आता त्याला काही झालं तर तूच मरशील, पुन्हा एकदा. निरोप आपल्याकडे येईल. कोपरगावला ती बाई लोकांना लायब्ररीचं सांगत बसलेली असेल, दीड दिवस.

नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. दाखला घरून घेते, वाटेत सायबर कॅफेतून तुझ्या कंपनीला पाठवते, आणि तशीच कोपरगावला जाते. या वेळी लाडू घेऊन परत येणार नाही. कोड मीच दिला होता, हेही सांगेन. अक्षय जन्मात माझ्याशी बोलणार नाही. चालेल. जिवंत राहून नको बोलू दे.

यापुढे सोमवारी तुझी मेल येणार नाही. तुझं नाव आज मी माझ्या हातानं बंद करतेय, विनू. वचन देते. माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
ताई