पाय मोडलेला स

बुधवार, संध्याकाळ

तीन आठवडे मी फॉर्ममध्ये नुसतं 'एबीसी' टाइप करून टूल तपासत होते. काय हा आळस! चालू ॲपमध्ये कोड बदलला तरी पान पुन्हा लोड होऊ नये आणि भरलेला मजकूर जाऊ नये, एवढंच या टूलनं करायचंय. एबीसी कधीच गेलं नाही, म्हणून मी खूश.

आज खराडीच्या ऑफिसला गेले नाही, घरीच आईला फॉर्म भरायला बसवलं. ती मराठीतच नाव लिहिणार. तिनं स लिहून त्याचा पाय मोडला आणि नेमका तेव्हाच मी बटणाचा रंग बदलून कोड सेव्ह केला. बटण हिरवं झालं. पण टूलनं मोडलेला पाय परत जोडला होता! स्मिताची झाली समिता.

"लग्नात तांदळाचं ताट पुढे केलं, तेव्हासुद्धा मी नाव बदलू दिलं नाही," आई म्हणाली. "आता तुझं टूल बदलणार होय?"

आधी चिडलेच. इतकं सावकाश कोण टाइप करतं? मग वाटलं, स्वतःचं नाव लिहिणारं कोणीही.

उपाय सोपा निघाला. अक्षर पुरं होईपर्यंत नवा कोड थांबवायचा.

आईनं पुन्हा पाय मोडला, बोट वर धरलं. "कर सेव्ह." केलं. काहीच हललं नाही. तिनं म जोडून अक्षर पुरं केलं, मगच हिरवं बटण निळं झालं.

चाचणीतलं एबीसी काढून टाकलंय. यापुढे टूलला रोज आधी आईचं नाव नीट लिहून दाखवावं लागेल.