आईचे साठ टक्के

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुमच्यावरचा माझा राग काही उतरत नाही. परवा तुमच्या पुण्यतिथीला दवाखान्यात फोटोला हार घालायची पाळी नेमकी माझ्यावर आली. घातला, हात जोडले आणि मनात म्हटलं, बघा, अजूनही माझ्याकडूनच करून घेताय.

तुमच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत कामाला मी रोज बिडकीनहून बसनं यायची. एसीनं माझे दात वाजतात हे बघून तुम्ही दिवाळीला मरून रंगाचा स्वेटर दिलात. इतका चांगला स्वेटर मला घरच्यांनीही कधी घेतला नव्हता. पेशंट डाव्या कुशीवर झोपलेला, छातीवर जेल, आणि पडद्यावर त्याचं हृदय उघडझाप करतंय. तुम्ही शिकवलंत, डाव्या कप्प्यात रक्ताचे शंभर भाग भरले तर एका ठोक्याला त्यातले किती बाहेर फेकले जातात ते बघायचं. पंचावन्न-साठ म्हणजे धडधाकट. कप्पा पूर्ण रिकामा कुणाचाच होत नाही. मोजायचं तर कप्पा भरलेला असताना एकदा आणि आक्रसलेला असताना एकदा, आतल्या कडेनं रेघ ओढायची, पुढचं गणित मशीन करतं. पण तुम्ही स्वतः कुठं ओढायचात रेघ? नजर टाकायची आणि आकडा बोलायचा. एकदा तुमच्या माघारी मी मोजून पाहिलं. तुम्ही पस्तीस म्हणाला होतात, मशीननं छत्तीस दाखवले. मी चाटच पडले. मग तुमच्यापुढं बोलायची माझी काय बिशाद!

पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्याची रेघ ओढत बसले होते, तर भरल्या खोलीत तुम्ही ओरडलात, "चित्रकला की परीक्षा है क्या? बाहेर तीस पेशंट बसलेत!" म्हातारा हसला, त्याचा मुलगाही हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर तुमच्यासमोर माझा हात कधी त्या रेघेकडं गेला नाही. रिपोर्टचा नमुना कॉम्प्युटरमध्ये तयारच असायचा आणि त्यात साठ आधीच टाइप केलेले. तुम्ही वेगळा आकडा बोललात तरच मी ते खोडायची. तुम्ही काही बोलला नाहीत की साठ. असे किती जणांचे साठ मी छापले असतील, देव जाणे.

आणि मग आई. तिच्या पिशवीचं ऑपरेशन ठरलं, त्याआधी हृदय तपासून हवं म्हणून मीच तिला तुमच्याकडं आणलं. केवढी खूश होती ती! बाकावरच्या बायांना सांगत होती, "माही पोरगी इथंच हाय, मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली." टेबलावर आडवी झाली आणि म्हणते, "लई गार हाय गं माय हे." दम लागतो का विचारलं तर म्हणाली, "आता वय झालं, लागायचाच." तुम्ही दोन मिनिटं तिच्या छातीवर मशीनचा प्रोब फिरवला, तेवढ्यात फोन वाजला. फोन कानाला लावूनच म्हणालात, "माँजी, एकदम मस्त. बिनधास्त करा ऑपरेशन." आणि प्रोब माझ्या हातात देऊन निघालात.

तिच्याही कागदावर साठ छापले गेले. ऑपरेशन झालं, आणि धडधाकट माणसाला चढवतात तसं भरभर सलाईन तिला चढवलं. दुसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी भरलं. माझं मनगट धरून ती बसल्या बसल्या श्वास ओढत होती. "बाई, मला निजवू नको." तिसऱ्या दिवशी गेली. तुम्ही भेटायला आलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "नशीब." नशीब म्हणे! त्या एका शब्दासाठी मी तुम्हाला कधी माफ केलं नाही. बहिणीला, नवऱ्याला, जो विचारेल त्याला मी एकच सांगत आले, सरांनी मोजलं नाही.

आता माझ्या हाताखाली चार पोरी आहेत. प्रत्येक पेशंटची रेघ ओढायलाच लावते त्यांना. नमुन्यातली आकड्याची जागा कोरी ठेवलीय. पाठीमागं मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगते. त्या दिवशी तुम्ही फोनवर बोलत दारात पाठमोरे उभे होतात तेव्हा मी मोजलं होतं, सर. अडतीस आले. तुम्ही दारातून वळून विचारलंतसुद्धा, "बराबर है ना?" आई माझ्याकडं बघून हसत होती. आता तिच्या देखत तुम्ही मला झापाल, एवढंच डोक्यात आलं. मी रेघ पुसली आणि म्हणाले, "हो सर."