आईच्या नाकाचं खरं निघालं

ताई,

आईला चार वाजता डोक्याच्या डॉक्टरकडे नेऊ नकोस. मी फोन करून नंबर रद्द केलाय.

महिनाभर ती सांगतेय, स्वयंपाकघरात काहीतरी जळतंय. आणि आपण दोघं, वय झालं, भास होतात, म्हणून एकमेकांकडे बघतोय. आज शेवटी फ्रीजमागचा बोर्ड उघडला. एकाच स्क्रूखाली तीन वायरी कोंबलेल्या. जाड वायर तेवढी घट्ट बसली, बारीक दोन सैल राहिल्या आणि तापून तापून प्लास्टिक पार काळं पडलं. एका स्क्रूखाली एकच वायर, हे मी कामावर लोकांना ओरडून सांगतो. इथे कोणी केलं ते विचारू नकोस. ओव्हन आला त्या दिवशी मीच केलं, उद्या नीट करू म्हणून. दिव्याखाली अंधार.

तिन्ही वायरींना वेगळी जागा असलेला कनेक्टर आणायला दुकानात चाललोय. मेन स्विच बंद केलाय, तोवर त्याला हात लावू नकोस. फ्रीजमधलं दूध तेवढं तापवून ठेव.

घर वाचलं ते आहेच, पण आईचं डोकं शाबूत आहे म्हणून मला जास्त हायसं वाटतंय.

ती झोपलीय. उठली की चहा दे आणि नीट विचार, आणखी कुठे वास येत होता. त्या आठवड्यात मी असं अजून दोन ठिकाणी केलंय, आणि कुठे ते मला काही केल्या आठवत नाही.

धाकटा