बनाबाईच्या विहिरीचं पाणी

हातकणंगले,
दि. १४ मार्च १९८४

कृष्णातदादांना सलिमाचा सलाम.

वहिनींचा ताप उतरला असेल. इकडं ऊस गेला, शेतं मोकळी झाली. परवा बाजारात तुमच्या आई भेटल्या. गुडघे सोडले तर बऱ्या आहेत. पुण्यात प्राध्यापक झालेल्या लेकाचं कौतुक करत होत्या. मी रोज कोल्हापूरला जाते, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. अब्बा बरे आहेत.

बरे म्हणजे कसे, ते लिहायलाच हवं. चाळीस वर्षं कापड रंगवून निळे झालेले त्यांचे हात आता पांढरे पडलेत. विहिरींवरचा तुमचा अहवाल आला त्याच महिन्यात रंगाच्या हौदांना सील लागलं, गल्लीतल्या सहाही रंगाऱ्यांचं काम बंद झालं. मग अब्बा मळीपासून स्पिरिट काढणाऱ्या कारखान्यात लागले, सांडपाण्याच्या खड्ड्यांवर राखणीला. सात महिने माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आपण दोघांनी बेचाळीस विहिरी तपासल्या होत्या. दोरी सोडून पाण्याची पातळी मोजायची, बाटल्या भरायच्या, आलेखाच्या कागदावर जमिनीखालच्या पाण्याचा उतार काढायचा. कारखाना, गावच्या गटारी आणि आमचे हौद, या तीन ठिकाणची घाण कुठल्या विहिरीत किती पोचते, याचं गणित तुम्ही पुण्याच्या संगणकावर मांडणार होता. आमचे हौद नकाशावर नकोत, असं अब्बांचं म्हणणं. "माझी पोरगी आपलंच घर कागदावर दावती व्हय?" मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही म्हणालात, "सलिमा, आपलं लपवलं तर दुसऱ्याचं कुठल्या तोंडानं दाखवायचं?"

मला पटलं. हौदांच्या खुणा मी माझ्या हातानं केल्या.

अहवालात तेवढ्याच राहिल्या.

आमच्या गल्लीमागच्या बनाबाईच्या विहिरीचा हिशेब तुमच्या अक्षरात माझ्याकडं आहे. घाणीच्या शंभर वाट्यांतले सत्तर कारखान्याचे, अठरा गटारींचे, बारा आमचे. टाइप केलेल्या अहवालात मात्र एक ओळ: 'कारखान्याचे खड्डे तळाशी पक्के असल्याने विचारात घेतलेले नाहीत.' खड्डे बघायला आपण कधी गेलो होतो, दादा?

ती ओळ मी ऑगस्टमध्येच वाचली होती. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. माझी कायमची नेमणूक तुमच्या शिफारशीवर अडली होती, म्हणून गप्प बसले. बनाबाईची गाभण म्हैस विहिरीचं पाणी पिऊन गेली, तेव्हाही मी "बघू" म्हणाले. जानेवारीत ती कळशी घेऊन दारात आली. आत तपकिरी, घाण वासाचं पाणी. "पोरी, रंगारी तर घरात बसल्यात. मग ह्यो रंग कुणाचा?"

दुसऱ्याच दिवसापासून मी बाटल्या घेऊन निघाले. बेचाळीसही विहिरी पुन्हा. बनाबाईच्या विहिरीत कारखान्याचा वाटा वाढलेलाच निघाला. एका रविवारी जेवताना मी कागद चाळत होते, तेव्हा अब्बा बोलले.

"खड्ड्याला तळ न्हाय. म्या खोरं घालून बघितलंय. खाली निस्ता मुरूम हाय."

"हे कचेरीत सांगाल? काम जाईल, अब्बा."

"जाऊ दे की. तुझा नकाशा तरी पुरा हु दे."

माझ्या अर्जावर काल तहसील कचेरीत सुनावणी झाली. अब्बा उभे राहून खणखणीत बोलले. तहसीलदार साहेबांनी दुपारीच माणसं नेऊन एक सुका खड्डा खणायला लावला. फावडं सरळ मुरमात गेलं. कारखान्याचं सांडपाणी तूर्त थांबलंय. आमच्या हौदांचं सील तसंच आहे, आणि बारा आमचे आहेत हे मीच पुन्हा सांगितलं. अब्बांना आज सकाळी कामावरून काढलं. बनाबाई अजून मैलभरावरून पाणी आणते. जमिनीत मुरलेलं निघायला वर्षं जातील, हे तुम्हीच मला शिकवलंय.

सुनावणीत तुमच्या अक्षरातला तो हिशेब मी पुढं केला. "हा कागद कुणाच्या हातचा?" साहेबांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं.

कारखान्यानं तुम्हाला काय दिलं, ते विचारणार नाही. एवढंच सांगा, "आपलं लपवू नये" हे तुम्ही मनापासून म्हणाला होता, की माझ्याकडून आमच्या हौदांच्या खुणा काढून घ्यायच्या होत्या म्हणून?

साक्षीला तुम्हाला बोलावणं येईल. या. घरी मात्र येऊ नका. अब्बा जुन्या ओळखीनं चहा विचारतील, आणि तो तुमच्यापुढं ठेवायला माझा हात धजणार नाही.

इथं आजवर 'तुमची धाकटी बहीण' असं लिहीत आले.

सलिमा मौलाली रंगारी