चार स्क्रूंचं झाकण

मंगळवार, मे २००२. शिक्रापूर

आप्पांचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं ठरवूनच घरी आले. वर्कशॉप त्यांचं असेल, डिझाइन माझं आहे ना?

हायवेच्या बोर्डाचा पोकळ लोखंडी खांब. खाली दिव्यांच्या वायरींसाठी तळहाताएवढी खिडकी ठेवा आणि तिच्याभोवती जाड पट्टीचं कडं वेल्ड करा, असं मी ड्रॉइंगवर दोनदा लिहिलं होतं. बोर्ड खांबाच्या एकाच बाजूला आहे, वारा सुटला की खांबाला पीळ बसणारच. आप्पांनी काय केलं? वायरमनचे दोन्ही हात जावेत म्हणून खिडकी हातभर कापली, कडं गाळलं आणि वर चार स्क्रूंचं झाकण बसवलं.

ड्रॉइंग ठेवायच्या पुठ्ठ्याच्या नळीला तशीच खिडकी कापून मी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, पिळा. पिळली, चुरगळली. तर हसले. "म्याडम, ह्यो पुठ्ठा हाय. आन् आपल्याला झाकण हाय की!"

झाकण! ते चार स्क्रू काय कपाळ पीळ सोसणार?

आज एसटी स्टॉपशेजारी खांब उभा केला, नारळ फोडला. बोर्डाच्या सावलीत लगेच दहाबारा माणसं येऊन बसली. आप्पा ड्रायव्हरला हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं, "गाडी तिकडं लांब लाव."

म्हणजे कळलं होतं त्यांना. सगळं कळलं होतं.

आणि मी? त्या माणसांना 'उठा' म्हणाले का? नाही. उन्हातून चालत गेले आणि आप्पांच्या गाडीशेजारी उभी राहिले.